डोळ्याला डोळा

कमलिनीबाईंनी बत्तीस वर्षं कऱ्हाडच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्या तरी शिकवणं काही सोडलं नाही. फक्त वर्ग लहान झाला. आता वर्गात एकच मुलगी उरली होती, ती म्हणजे त्यांची चेन्नईची सून हरिप्रिया. आणि ही विद्यार्थिनी पहिल्या दिवसापासून नापास होती.

खरं तर हरिप्रियाच्या माहेरी मराठीच बोलत. तंजावरकडची माणसं ती. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज तिकडे गेले, जाताना जी भाषा गाठीला बांधून नेली तीच अजून गाठ सोडून वापरतात. वडील एकोजीराव चेन्नईत अंबत्तूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. घरात 'मी करितें', 'तूं कोठें जातोस' असलं बोलणं, आणि मधे मधे बक्कळ तमिळ. गंधारची नि तिची ओळख ऑफिसात झाली, तेव्हा त्यानं आईला फोनवर मोठ्या हौसेनं सांगितलं, "आई, मुलगी मराठीच आहे!" झालं! तिथंच घात झाला. तमिळ सून आली असती आणि तिनं दोन शब्द मराठीत बोलून दाखवले असते, तर कमलिनीबाईंनी तिला डोक्यावर घेऊन गावभर मिरवलं असतं. पण ही मराठी म्हणून आली. मग मराठीसारखं बोलायला नको?

"अम्मा, जेवण कराला या," हरिप्रिया पहिल्या दिवशी म्हणाली.

"कराला नाही, करायला. आणि अम्मा नाही, आई. मी काय मंदिराबाहेर फुलं विकते?"

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. एकदा बाई म्हणाल्या, "पोटात कावळे ओरडायला लागले," आणि बिचारी विचारून बसली, "कावळे? कां?" त्या दिवसापासून निवृत्त शिक्षिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सदर सुरू झालं, 'सूनबाईंचे मोती'. हरिप्रिया एखादा शब्द चुकली की मोती पडला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. गंधारनंही ते वाचलं, आणि तोही हसला, म्हणाला, "आई गंमत करते गं, मनावर घेऊ नकोस." मनावर घेऊ नकोस म्हणणाऱ्याचं काय जातं? हरिप्रियानं एकच धडा घेतला. शब्द कळला नाही तरी अर्थ विचारायचा नाही. मान हलवायची आणि पुढं चालायचं.

तर अशा या कमलिनीबाई थंडीचे दोन महिने चेन्नईला मुलाकडे आल्या आणि त्यांच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. चष्मा लहानपणापासून जाडजूड, अशा डोळ्यांना हे व्हायचंच. त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यावर पडदा आलाय." आता ज्या बाईचं अर्धं बोलणं वाक्प्रचारात, तिच्या या वाक्याला कोण धावतंय? गंधारला वाटलं, आई कसला तरी टोमणा मारतेय. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी बाईंचा हात भिंतीला आपटला तेव्हा कळलं, की अरे, हा पडदा खराच आहे.

ऑपरेशन मंगळवारी झालं. त्याच्या आदल्याच रात्री गंधारला कंपनीनं जर्मनीला पाठवलं होतं, सहा आठवड्यांसाठी. "तू आहेस म्हणून मला काळजी नाही," असं हरिप्रियाला सांगून तो गेला. नवरे असं सांगूनच जातात. मग राहिल्या या दोघी. हरिप्रियानं सिरुसेरीच्या ऑफिसात जाणं बंद केलं आणि घरून काम मागून घेतलं.

डॉक्टर विद्यालक्ष्मी तमिळ आणि इंग्रजी बोलत. बाईंना हिंदी येई, ते डॉक्टरांना येत नसे. बाईंचं इंग्रजी 'थँक यू'च्या पुढं सरकत नसे. म्हणजे जे काही बोलणं व्हायचं ते हरिप्रियाच्या तोंडून. घरी सोडताना डॉक्टरांनी तिला बाजूला बसवून समजावलं होतं. पडदा जागेवर बसवलाय, आणि तो पुन्हा सुटू नये म्हणून डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळलाय. परकराची नाडी आवळतात ना, तसाच. सैल राहिला तर पडदा घसरतो. फार आवळला गेला तर डोळ्यात जाणाऱ्या रक्ताची वाट अडते.

"थोडं रक्त सगळ्यांचंच कमी होतं," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेकांना कळतसुद्धा नाही. पण एखाद्या डोळ्याला सोसत नाही. तो डोळा मग ठणकायला लागतो. साधं दुखणं वेगळं, ते गोळीनं थांबतं. हे झोपू देत नाही. तसं झालं तर दिवस-वेळ बघू नका, सरळ घेऊन या. पट्टा कापायला मला दहा मिनिटं लागतात. पण बरेच दिवस रक्ताविना राहिलेला डोळा परत आणायला मला येत नाही."

हरिप्रियानं हे सगळं नीट ऐकलं. फोनमध्ये लिहूनही घेतलं. पोरगी हुशार होती, त्यात शंकाच नाही.

शुक्रवारी पहिली तपासणी झाली. डोळा लाल, सुजलेला. डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. "सूज आहे, ती असायचीच. डोळ्यातला दाब थोडा वाढलाय. दुखतंय का, ते विचारा त्यांना. दुखत असेल तर मी ठेवूनच घेते."

"आई, दुखतंय का म्हणून विचारतायत."

आता साधा प्रश्न आहे, साधं उत्तर द्यावं. दुखतंय, नाहीतर नाही. पण 'दुखतंय' म्हणणं बाईंच्या मते पहिलीतल्या पोरांचं काम. त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा लागलेला नाही."

आणि इथंच सगळं बिनसलं. हरिप्रियाच्या माहेरी दुखण्याखुपण्याला 'लागणं' म्हणत. डोकं लागतें, पोट लागतें, पाय लागतो. तिनं ऐकलं ते असं, की तीन रात्री झाल्या, डोळ्याला लागलेलं नाही. 'डोळा' दोनदा का आला, हे तिला जरा खटकलं. क्षणभर तोंडावर आलंही होतं, म्हणजे काय, आई? पण समोर डॉक्टर, शेजारी नर्स, आणि बाईंची ती एका बाजूला ओढलेली जिवणी. तिला कावळे आठवले. तिनं मान हलवली आणि डॉक्टरांना तमिळमध्ये सांगितलं, "तीन रात्री अजिबात दुखलं नाही म्हणतात."

"छान," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावर तसं लिहिलं. "मग थेंब चालू ठेवा. दहा दिवसांनी, सोमवारी या."

बाईंनी विचारलं, "काय म्हणाली?"

"छान आहे म्हणाल्या."

"यात छान काय आहे?" बाई पुटपुटल्या. पण डॉक्टर म्हणते म्हणजे असेल बाबा, डोळ्याला नाडी बांधल्यावर आवळणारच. त्यांनी दात आवळले आणि सोसायचं ठरवलं. बाई सोसायला मोठ्या खंबीर होत्या, ते मात्र खरं. जर्मनीहून रोज गंधारचा फोन यायचा, तेव्हा "मी अगदी मजेत" असं खणखणीत आवाजात सांगायच्या. हरिप्रिया दर चार तासांनी थेंब घालायची. घालताना बाईंची मूठ चादरीवर वळायची, पण बाईंचा स्वभावच तसा म्हणून तिनं तिकडे पाहिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ती कॉफीचा टंबलर घेऊन बाईंच्या खोलीकडे निघाली होती. दार अर्धवट उघडं. बाई सांगलीच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

"अगं, काय सांगू तुला. दहा दिवस झाले, डोळ्याला डोळा लागत नाही. रात्र रात्र टक्क जागी असते. ठणका असा, की वाटतं डोळा उपटावा आणि द्यावा खिडकीतून फेकून."

हरिप्रिया जागच्या जागी थिजली. स्वयंपाकघरात परत आली, टंबलर ओट्यावर ठेवला आणि फोनवर ते शब्द घालून पाहिले. डोळ्याला डोळा न लागणे, म्हणजे झोप न येणे. एका ओळीचा अर्थ. शाळेतल्या पोरांना दोन मार्कांना येतो तसला.

तिला नाडी आठवली, रक्ताची वाट आठवली, दहा मिनिटं आठवली. तिनं हॉस्पिटलचा नंबर काढला. अंगठा हिरव्या बटणावर टेकणार, इतक्यात आतून बाईंचं हसणं ऐकू आलं. ठणका लागलेल्या माणसाचं हसणं, कसंनुसं, पण हसणंच.

"सांगितलं की डॉक्टरला. हिच्याच तोंडून! आता हिनं तिकडे काय सांगितलं ते देव जाणे. मराठी म्हणे! आमच्या शाळेतली शिपाईण बरी बोलायची. गंधारला म्हटलं होतं मी, अरे, कुठलं तरी बाटलेलं घेऊन येऊ नकोस घरात..."

हरिप्रियानं फोन ओट्यावर पालथा ठेवला.

आता तिच्या मनात काय आलं ते सरळच सांगते, आडपडदा नको. आधी भीती आली. डॉक्टरला फोन करायचा म्हणजे सांगावं लागणार, की मला कळलंच नव्हतं. मग ते गंधारला कळणार, सांगलीला कळणार, ग्रुपवर जाणार. सासूचा डोळा एका वाक्प्रचारापायी अधू झाला! एवढा टपोरा मोती आजवर पडला नव्हता. ही झाली भीती, आणि ती कुणालाही वाटेल. पण भीतीच्या मागून दुसरं एक आलं, आणि ते घरचंच असल्यासारखं ऐसपैस बसलं. दुखू दे. बाटलेल्या सुनेला काय कळतंय? दुखू दे.

सोमवारी जायचंच तर आहे, तिनं मनाला सांगितलं. तीन दिवसांनी असा काय फरक पडतो? काय फरक पडतो ते तिच्या फोनमध्ये तिच्याच हातानं लिहिलेलं होतं. तिनं ते उघडलं नाही. कॉफी पुन्हा गरम केली आणि आत नेऊन दिली.

"निवली होती वाटतं?" बाईंनी विचारलं.

"हो, आई. पुन्हा तापवली."

"तापवली," बाई म्हणाल्या. "बरोबर बोललीस आज."

शनिवारी बाई जेवल्या नाहीत. सांबारभात पुढं आला तसा परत गेला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. हरिप्रिया वेळेवर थेंब घालत होती, वेळेवर गोळ्या देत होती. घड्याळ लावून करत होती. कुणी येऊन पाहिलं असतं तर म्हणालं असतं, सून असावी तर अशी. गंधारनं फोनवर विचारलं, "आई कशी आहे?" ती म्हणाली, "आराम करतायत." तिचा आवाज अजिबात कापला नाही, आणि याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

रविवारी सकाळी ती थेंब घालायला गेली तेव्हा बाईंनी तिचं मनगट धरलं. पट्टी काढलेल्या डोळ्याची बाहुली धुरकट झाली होती, आरशावर वाफ धरावी तशी. चेहरा उतरून एवढासा झालेला.

"हरिप्रिया," बाई म्हणाल्या, "दुखतंय गं."

हरिप्रियानं थेंबांची बाटली खाली ठेवली.

"फार दुखतंय. आता नाही सोसवत. आणि काल खिडकी दिसत होती, आज तीही दिसत नाही. डॉक्टरला फोन लावतेस का?"

बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईनं साध्यात साधा शब्द शोधून काढला होता. कुठल्याही प्रांतातल्या, कुठल्याही मराठी माणसाला कळेल असा. 'दुखतंय'चा अर्थ लावायला हरिप्रियाला कुठलं पुस्तक नको होतं. आत्ता उठून गाडी बोलावली असती तर तासाभरात दोघी हॉस्पिटलात असत्या. त्या हॉस्पिटलचं तातडीचं दार रविवारीही उघडं असतं, रात्रंदिवस, आणि हे तिला ठाऊक होतं. एकदा वाटलं, उठावं. पण उठून तिथं जाऊन सांगायचं काय? डॉक्टर विचारणारच, कधीपासून दुखतंय? बाई सांगणारच, पहिल्या दिवसापासून. आता नुसता पहिल्या शुक्रवारचा गैरसमज उरला नव्हता. अर्थ कळल्यानंतरचे दोन दिवस होते, आणि ते तर तिनं समजून उमजून घालवले होते. एका चुकीवर पांघरूण घालायला गेलं की पांघरूण अपुरं पडतं, मग दुसरं लागतं.

"आज रविवार आहे, आई," ती म्हणाली. "रविवारी कोणी नसतं. उद्या सकाळी पहिलाच नंबर आपला."

"रविवारी डोळ्यांना सुट्टी असते वाटतं," बाई म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता. त्यांनी मनगट सोडून दिलं.

सोमवारी डॉक्टर विद्यालक्ष्मींनी यंत्रातून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. बॅटरी घेतली, डाव्या डोळ्यावर मारली, बाजूनं मारली, वरून मारली. बाई विचारत होत्या, "कधी लावणार उजेड?" ते मराठीत होतं, तरी डॉक्टरांना बरोबर कळलं.

"डोळ्याच्या आत रक्तच पोचत नाहीये," डॉक्टर हळू आवाजात हरिप्रियाला म्हणाल्या. "पट्टा या डोळ्याला सोसला नाही. पट्टा मी आज कापते, म्हणजे दुखणं थांबेल. पण दृष्टी गेली. तीन-चार दिवस आधी आला असतात तर काहीतरी वाचवता आलं असतं. दुखणं कधी सुरू झालं?"

"काल," हरिप्रिया म्हणाली.

"कालचा डोळा असा दिसत नाही." डॉक्टरांनी पेन उचललं. "त्यांना विचारा. नीट विचारा, कधी सुरू झालं."

हरिप्रिया वळली. बाईंच्या खांद्यावर हात ठेवला, खाली वाकली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, डॉक्टर विचारतायत, काल रात्री तुम्ही किती वाजता जेवलात?"

"जेवले कुठे? आठ वाजता दोन घोट पेज घेतली. त्याचा काय संबंध?"

"काल रात्री आठ वाजता सुरू झालं म्हणतात," हरिप्रियानं तमिळमध्ये सांगितलं. "एकदम."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाई अस्वस्थ झाल्या, पुढं सरसावल्या. "तिला सांग ना, पहिल्या दिवसापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. मी मागच्या वेळीही सांगितलं होतं. सांग तिला!"

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याआधी अजिबात दुखलं नव्हतं म्हणतात."

मागच्या वेळचंच भाषांतर, जवळजवळ शब्दाला शब्द. मागच्या वेळी ते अर्थ कळला नाही म्हणून झालं होतं. डॉक्टरांनी मागच्या तपासणीचा कागद काढून पाहिला, त्यावरही तेच होतं. मग म्हणाल्या, "कधीकधी होतं असं. काहीच सूचना मिळत नाही. यात तुमची चूक नाही, स्वतःला दोष देऊ नका." मग त्यांनी बाईंचा उजवा डोळा तपासला, बराच वेळ लावून. त्याचाही पडदा दोन ठिकाणी विरलेला होता. पुढच्या आठवड्यात लेझर करायला हवं, म्हणाल्या. आणि तोवर या डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके आले, जरा काही वेगळं वाटलं, तर त्याच घटकेला कळवायचं. आता एवढा एकच उरलाय.

बाहेरच्या बाकावर हरिप्रियानं बाईंना बसवलं आणि आधी उजव्या डोळ्याच्या लेझरचं, काळ्या ठिपक्यांचं सांगितलं. पट्टा कापायला अर्ध्या तासानं आत बोलावणार होते.

"डाव्या डोळ्यानं आता दिसणार नाही, आई."

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "का?"

"रक्त पोचलं नाही. कधीकधी होतं असं, म्हणाल्या."

"पण मी सांगत होते ना गं?"

"होतात. मी सगळं सांगितलं त्यांना. दोन्ही वेळा."

बाईंनी चाचपडत तिचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. त्यांची बोटं थंडगार होती. हरिप्रियाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि इतक्या दिवसांत बाईंनी तिचा हात असा कधी धरला नव्हता.

"तू तरी काय करणार? तू सांगितलंस, त्यांनी मनावर घेतलं नाही. मी तुला नाही नाही ते बोलले. बहिणीशीसुद्धा बोलले." बाईंनी तिचा हात थोपटला. "गंधारला सांगेन मी, हिनं माझा शब्दन् शब्द पोचवला. आणि तो रजा काढून येतो म्हणाला तर त्याला नको म्हण. त्याला कुठलं तमिळ येतंय? उजव्या डोळ्याच्या वेळी तूच चल माझ्याबरोबर."

"येईन, आई."

"आणि या डोळ्याला जरा जरी काही झालं, तर मी आधी तुलाच सांगणार."

"सांगा, आई," हरिप्रिया म्हणाली.